शुक्रवारचा नमुना

दवाखान्यातल्या मुलांनी तिचं नाव पेशीताई ठेवलं होतं. ती डॉक्टरच होती, पण मुलांच्या लेखी डॉक्टर म्हणजे इन्सुलिन वाढवणारा आणि काय खाल्लंस म्हणून उलटतपासणी घेणारा माणूस. पेशीताई तसलं काही विचारत नसे. ती थोडंसं रक्त घ्यायची आणि मग ज्याचं रक्त त्यालाच मोठ्या पडद्यावर दाखवायची. आपल्या अंगात असले जिवंत ठिपके हिंडतात हे बघून भलीभली दांडगट पोरं गप्प बसायची.

मधुमेह असलेल्या मुलांच्या पांढऱ्या पेशी आपलं काम किती नीट करतात, हा तिचा अभ्यासाचा विषय होता. शरीरात जंतू शिरला की या पेशी त्याच्या मागावर निघतात, त्याला गाठतात आणि गिळून टाकतात. रक्तातली साखर फार वाढली की त्या सुस्तावतात, हे आधीच्या लोकांनी सांगून ठेवलं होतं. लहान मुलांत त्या किती सुस्तावतात आणि साखर खाली आल्यावर पुन्हा किती लवकर ताळ्यावर येतात, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी ती ताज्या रक्तातल्या पेशी वेगळ्या काढायची, उबदार काचेवर मेलेल्या यीस्टच्या कणांबरोबर सोडायची आणि किती पेशींनी किती कण गिळले ते मोजत बसायची. काम किचकट होतंच, वर घाईचंही होतं. रक्त काढल्यावर काही तासांत हे सगळं उरकावं लागे, नाहीतर पेशी मरून जात आणि नमुना वाया जाई. त्यामुळे हातात नळी आली की पेशीताई कुणाशी धड बोलत नसे. खालच्या मजल्यावरच्या मुलांच्या दवाखान्यातून तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेपर्यंत ती जिन्याने धावतच जायची. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर तिला नव्हता.

अभ्यास चांगला चालला होता, पण एक अडचण होती. साखर बऱ्यापैकी ताब्यात असलेली मुलं भरपूर मिळत. साखर खूप चढलेली मुलं तिच्या हाती लागतच नसत. अशी मुलं आली की थेट वॉर्डात जात, त्यांना सलाईन लागे, आणि तिथे रक्त मागायला जायचं म्हणजे नर्सबाईंची बोलणी खायची. विभागप्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, ते दर बैठकीत विचारायचे की बाई, आलेखाची उजवी बाजू अजून रिकामीच का. ती म्हणायची, मिळेल सर.

तिच्या मुलांमध्ये एक अकरा वर्षांची मुलगी होती. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण खुर्चीत बसली तरी ती बसल्यासारखी वाटत नसे. भिंगरीची आई शाळेची बस चालवायची. बाप नव्हता, म्हणजे होता, पण दुसऱ्या गावी दुसऱ्या संसारात होता. आई खमकी होती. बसमधली चाळीस कार्टी आरशातून नुसत्या नजरेने गप्प करायची. भिंगरीची इन्सुलिनची इंजेक्शनं, जेवणाच्या वेळा, शाळेतल्या बाईंना पढवणं, सगळं ती एकहाती निभवायची. अभ्यासासाठी रक्त द्यायला तिने पहिल्याच भेटीत परवानगी दिली होती. घ्या हवं तेव्हा, तिलाच हौस आहे, असं म्हणून ती हसली होती.

त्या शुक्रवारी भिंगरीचा दवाखान्याचा दिवस नव्हता. आई इन्सुलिन घ्यायला औषधांच्या खिडकीपुढे रांगेत उभी होती आणि भिंगरी कंटाळून तिसऱ्या मजल्यावर आली. दुपार कलायला लागली होती. पेशीताई आवराआवर करत होती. दारात भिंगरी दिसल्यावर तिला बरं वाटलं, कारण ही पोरगी आली की गप्पा रंगायच्या.

भिंगरी जरा लंगडत होती. तिने सांगितलं की अंगठा दुखतोय, आईने नख कापताना खोल गेलं. पेशीताईने बरं म्हटलं आणि सवयीने तिच्या बोटाला टोचून साखर पाहिली. यंत्रावरचा आकडा बघून ती थबकली. इतकी साखर तिच्या अभ्यासातल्या एकाही मुलात सापडली नव्हती.

पुढे कितीदा तरी तिने हा क्षण मनात उलटापालटा केला. त्या क्षणी तिच्या मनात जे आलं ते काळजीचं नव्हतं, हे ती स्वतःपासून कधीच लपवू शकली नाही. आलेखाची उजवी बाजू आली होती तिच्या मनात. पोरीची साखर इतकी का वाढली, अंगठा कसा आहे, हे प्रश्न नंतर आले आणि तेही दारात उभे राहून निघून गेले.

तिने रक्त काढलं. भिंगरी चपळ असली तरी सुईपुढे स्थिर बसायची, रोजची सवय. रक्त काढताना पेशीताई म्हणाली, "खाली जाशील तेव्हा डॉक्टरांना अंगठा दाखव हं. आणि आईला सांग, साखर वाढली आहे."

भिंगरीने मान डोलावली. खालचा मुलांचा दवाखाना दुपारनंतर बंद होतो हे पेशीताईला ठाऊक होतं. ते तिला आठवलं नाही, किंवा आठवूनही तिने तिकडे कानाडोळा केला. यातलं खरं कोणतं, ते तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

पेशी वेगळ्या करून काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवेपर्यंत भिंगरी थांबली होती. आईची रांग लांब होती. पडद्यावर चित्र आलं. एरवी यीस्टचे कण दिसले की पेशी लांबट होत, हातपाय फुटल्यासारख्या सरकत आणि कणांना विळखा घालत. आज त्या गोल गोल जागच्या जागी पडून होत्या. कण त्यांच्या शेजारी लोळत होते तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"या झोपल्यात का?" भिंगरीने विचारलं.

"आज जरा झोपाळू आहेत," पेशीताई म्हणाली आणि हसली. भिंगरीही हसली. मग भिंगरीच्या खिशातल्या मोबाईलवर आईचा फोन आला आणि पोरगी लंगडत जिना उतरून गेली.

पेशीताई संध्याकाळपर्यंत मोजत बसली. एवढा स्पष्ट नमुना तिला वर्षभरात मिळाला नव्हता. जाता जाता तिने सरांना सांगितलं. सर खूष झाले, म्हणाले, आता कुठे शोधनिबंध आकाराला आला. घरी जाताना तिने सासूबाईंसाठी त्यांच्या आवडीच्या जांभळ्या रंगाची लोकर घेतली. नवरा कामानिमित्त बाहेरगावी असायचा, घरात या दोघीच. शनिवार-रविवार तिने निवांत घालवला. भिंगरीच्या आईला एक फोन करावा असं तिच्या मनात एकदाही आलं नाही.

सोमवारी ती खालच्या दवाखान्यात नळ्या घेऊन गेली, तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं की तुमची ती भिंगरी काल वॉर्डात भरती झालीये, तापाने फणफणली आहे, पाय घोट्यापर्यंत लाल झालाय.

पेशीताईच्या हातातला नळ्यांचा स्टँड टेबलावर जरा जोरातच टेकला. ती वॉर्डात गेली. भिंगरी डोळे मिटून पडली होती. दोन्ही हातांना नळ्या, पायाखाली उशी. अंगठा सुजून काळपट जांभळा झाला होता, आणि त्याच्या बाजूने लाली वर चढत गेली होती. फाईल उघडायची तिला गरज नव्हती. जंतू आत शिरले होते आणि ज्यांनी त्यांना अडवायचं त्या पेशी जागच्या जागी पडून होत्या. हे तिने शुक्रवारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवशी साऱ्या इमारतीत हे दिसलेला दुसरा माणूस नव्हता.

भिंगरीची आई बाहेरच्या बाकावर बसली होती. अंगात बसचालकाचा निळा शर्ट तसाच होता, म्हणजे ती सकाळची फेरी उरकून तशीच आली होती. एरवी ताठ बसणारी बाई पोक काढून बसली होती. पेशीताई शेजारी बसली.

आईने स्वतःच सांगायला सुरुवात केली. गेल्या आठवड्यात पोरीची नखं वाढली होती, ती कापताना अंगठ्याचं नख कोपऱ्यात जरा खोल गेलं. टिपूसभर रक्त आलं, तिने पुसून टाकलं. शनिवारी अंगठा सुजला, तिने गरम पाण्याने शेकला. रविवारी सकाळी पोरगी तापात बरळायला लागली तेव्हा उचलून आणली. साखर इतकी वाढलेली आहे हे तिला इथे आल्यावर कळलं. चार दिवस तपासली नव्हती, कारण सुट्टीवर गेलेल्या दुसऱ्या चालकाच्याही फेऱ्या तिच्याच गळ्यात पडल्या होत्या, आणि पोरगी म्हणत होती की मी बरी आहे.

"मी माझ्याच हाताने केलं हे," ती म्हणाली. "शत्रूही करणार नाही असं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. शब्द पेशीताईच्या ओठांपर्यंत आले होते. पण ती म्हणाली, "असं होतं कधीकधी. स्वतःला दोष देऊ नका."

आईने तिचा हात धरला आणि त्याच्यावर कपाळ टेकवून ती रडली. पेशीताईला तो हात काढून घ्यावासा वाटत होता आणि काढून घेण्याची लाजही वाटत होती. आपला दोष दुसऱ्याने उचलून आपल्या डोक्यावर घ्यावा आणि वर आपलेच आभार मानावेत, याहून वाईट काही असेल असं तिला वाटेना.

शल्यविशारद तपासून गेले. त्यांनी सांगितलं की जंतू हाडाच्या टोकापर्यंत गेलेत. आधी पू काढू, औषधं देऊ, बघू. नाहीच थांबलं तर अंगठ्याचं टोक काढावं लागेल. आईने विचारलं, टोक म्हणजे किती. त्यांनी स्वतःच्या हाताच्या अंगठ्यावर बोट ठेवून दाखवलं.

त्या दिवशी पेशीताई घरी लवकर आली. सासूबाई खिडकीशी विणत बसल्या होत्या. त्या निवृत्त शिक्षिका, जिभेने तिखट, पण सुनेवर त्यांचा जीव होता. ही आल्या आल्या चपला न काढता स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली हे बघून त्यांनी विणकाम खाली ठेवलं. सुनेने सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हेच मोठं नवल होतं.

मग त्या म्हणाल्या की तू मुद्दाम नाही केलंस. पोरीकरवी निरोप दिला होतास, तिने तो पोचवला नाही. आता जाऊन बोललीस तर त्या पोरीचं बोट वाचणार आहे का? तुझी नोकरी मात्र जाईल. एवढी वर्षं शिकलीस, पुढे अशा शंभर पोरांच्या उपयोगी पडशील. "झाकली मूठ सव्वा लाखाची," त्या म्हणाल्या. "उघडून कुणाचं भलं होणार आहे?"

पेशीताईला हे सगळं पटत होतं, हीच खरी भीती होती. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. फक्त त्या सगळ्या वाक्यांच्या पलीकडे निळ्या शर्टातली एक बाई बाकावर बसली होती आणि स्वतःला शत्रू म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरांकडे गेली. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला. त्यांचं म्हणणं असं पडलं की आपण उपचार करणारे नाही, आपण नमुने घेणारे. साखर वाढल्याचं तू सांगितलंस, अंगठा दाखवायला सांगितलास, आणखी काय करायचं? आणि पेशी सुस्त असण्याला काही रोगनिदान म्हणत नाहीत, ते अजून सिद्ध व्हायचंय, तेच तर आपण शोधतोय. ते रागावले नव्हते, उलट समजुतीनेच बोलत होते. जाता जाता म्हणाले, त्या नमुन्याचे आकडे मात्र जपून ठेव, तसला नमुना पुन्हा मिळायचा नाही.

आपणही शुक्रवारी मनाशी नेमकं हेच म्हटलं होतं, हे तिला तिथे उभ्या उभ्या आठवलं.

पू काढून भागलं नाही. बुधवारी अंगठ्याचं टोक काढायचं ठरलं. पोरीला आत नेलं तेव्हा आई दारापर्यंत स्ट्रेचरला धरून चालत गेली आणि दार बंद झाल्यावर तिथेच उभी राहिली. पेशीताई कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला होती. आईने पर्समधून नेलकटर काढला, क्षणभर हातात धरला आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. नुसता टाकला नाही, डब्याचं झाकण उघडून वरचे कागद बाजूला करून तळाशी टाकला.

पेशीताई चालत तिच्यापर्यंत गेली. आत पोरीचं ऑपरेशन चालू असताना हे सांगावं की नाही, हा विचार तिने केला नाही. केला असता तर पुन्हा थांबायला एक सबब मिळाली असती.

"ताई, मला तुम्हाला काही सांगायचंय," ती म्हणाली. "नखाचं सोडा. शुक्रवारी भिंगरी वर माझ्याकडे आली होती. मी तिची साखर पाहिली. खूप जास्त होती. तिच्या पेशी पाहिल्या, त्या कामच करत नव्हत्या. अंगठा दुखतोय असंही ती म्हणाली होती. मी बूट काढून पाहिलं नाही. तुम्हाला फोन केला नाही. खालच्या डॉक्टरांनाही नाही. मला नमुन्याची घाई होती."

आई तिच्याकडे बघत राहिली. बसच्या आरशातून पोरांकडे बघावं तशी नजर होती ती.

"तिने मला सांगितलं नाही," आई सावकाश म्हणाली.

"मी तिला सांगायला सांगितलं होतं. ते काम तिचं नव्हतं, माझं होतं."

भिंगरीने निरोप का दिला नाही, ते नंतर कळलं. साखर वाढली असं सांगितलं की आईचा चेहरा उतरतो, म्हणून ती गिळून टाकायची. त्या दिवशी आई रांगेत उभी राहून आधीच थकली होती. पोरीला वाटलं, उद्या सांगू.

मग आईने जे विचारलं, त्याची पेशीताईने तयारी केली नव्हती. फोन का नाही केलात, बूट का नाही काढलात, यांची उत्तरं तिने मनाशी घोकली होती. आईने विचारलं, "सोमवारी तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. मी तुमचा हात धरून रडले. तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

पेशीताई म्हणाली, "घाबरले."

आईने मान हलवली, जणू एवढं तिला समजलं. "दोन दिवस," ती म्हणाली. "दोन दिवस मी काय काय म्हटलं स्वतःला, तुम्हाला कल्पना नाही. एक अर्धा भाग तरी तुम्ही घ्यायला हवा होतात." मग तिने तोंड फिरवलं. "आता इथून जा. ती शुद्धीवर येईल तेव्हा मला तुम्ही इथे नकोत."

पेशीताई गेली. सांगितल्यावर हलकं वाटतं असं तिने ऐकलं होतं. तिला काही हलकं वाटलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. जंतू पुढे सरकले नाहीत, ताप उतरला, साखर खाली आली. आठवड्याच्या शेवटी आई तिसऱ्या मजल्यावर आली. ती दारातच उभी राहिली आणि तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक, माझ्या मुलीचं जे काही तुमच्याकडे आहे ते काढून टाका, तुमच्या अभ्यासात ती नको. दोन, तक्रार कुठे करायची ते सांगा.

पेशीताईने तिला तळमजल्यावरची खोली सांगितली. मग वाटलं, तिथले कारकून तिला दहा ठिकाणी फिरवतील, म्हणून ती स्वतः तिच्या पुढे चालत गेली, खोली दाखवली आणि आतल्या बाईंना सांगितलं की तक्रार माझ्याविरुद्ध आहे, नीट लिहून घ्या. त्या बाईंनी चष्म्यावरून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. आई म्हणाली, "आता तुम्ही जा." आवाज आधीपेक्षा कठोर नव्हता, मऊही नव्हता.

नमुना काढून टाकायला सर तयार होईनात. रक्त परवानगीनेच घेतलंय, ते म्हणाले, आणि असा बिंदू सगळ्या अभ्यासात एकच आहे. पेशीताईने त्यांच्यासमोर काच फोडली नाही की आरडाओरडा केला नाही. तिने एवढंच म्हटलं की परवानगी देणाऱ्या आईने ती मागे घेतली आहे, आणि संगणकासमोर बसून भिंगरीची सगळी नोंद पुसून टाकली. आलेखाची उजवी बाजू पुन्हा रिकामी झाली. सर तिच्याशी पुढे कित्येक आठवडे कामापुरतंच बोलले.

चौकशी झाली. तिच्यासमोर बसलेल्या माणसांपैकी निम्म्यांना वाटत होतं की बाई उगाच स्वतःवर ओढवून घेतेय. तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं, सोमवारच्या बाकासकट. तो भाग कुणी विचारलाही नव्हता. काही महिने तिला मुलांचं रक्त घ्यायला बंदी आली. तिने ते महिने दुसऱ्यांनी काढलेल्या नमुन्यांच्या काचा धुण्यात आणि मोजण्यात घालवले. अभ्यास पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यात एक नवा नियम आला. रक्त घेण्याआधी मूल डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं, आणि साखर ठरावीक मर्यादेपुढे असली तर नमुना राहिला बाजूला, आधी आईबापांना आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करायचा. नियम लिहिणाऱ्या समितीने तिचं मत विचारलं, तेव्हा तिने म्हटलं की यात हेही घाला, निरोप मुलाकरवी द्यायचा नाही.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. त्यांनी आपला सल्ला चुकला असं कधी म्हटलं नाही. त्या म्हणायच्या, बोलून काय मिळालं, ती बाई अजून तोंड बघत नाही तुझं. काही मिळावं म्हणून पेशीताई बोललीच नव्हती, पण असं म्हणणंही शेखी मिरवल्यासारखं झालं असतं, म्हणून ती भाजी चिरत राही.

भिंगरी दवाखान्यात येत राहिली. तिचं चालणं लवकर सुधारलं. आधी ती टाचेवर जोर द्यायची, मग विसरली. बाकीच्या मुलांना ती बूट काढून अंगठा दाखवायची आणि शार्कने खाल्ला म्हणून सांगायची. आई नेहमी बरोबर असे. पेशीताई समोरून आली की आई भिंतीवरच्या सूचना वाचायला लागायची. भिंगरी मात्र हात हलवायची, आणि पेशीताईही हलवायची, खिशापाशी, आईला दिसू नये इतपत. मग तिला हेही चोरटं वाटायला लागलं, आणि ती सरळ उघड हात हलवायला लागली.

वर्ष उलटत आलं तेव्हा एका सकाळी आई स्वतः तिच्यापुढे येऊन थांबली. भिंगरी वजनकाट्याच्या रांगेत होती, दुसऱ्या एका मुलीशी बोलण्यात गुंग. आईच्या हातात बसच्या किल्ल्या होत्या.

"एक विचारायचंय," ती म्हणाली. "खरं सांगा. शुक्रवारी तुम्ही फोन केला असतात, तर तिचं बोट वाचलं असतं?"

पेशीताईने हा प्रश्न स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की उत्तर तयार असायला हवं होतं. सर म्हणाले असते की असं ठामपणे कुणीच सांगू शकत नाही, आणि ते खरंही होतं.

"खात्रीने कुणी सांगू शकणार नाही," ती म्हणाली. "पण मला वाटतं, वाचलं असतं."

आईने डोळे मिटून उघडले. "आणि मी नख कापलं नसतं तर?"

"तर बूट लागून झालं असतं, खेळताना ठेच लागून झालं असतं. तिच्या वयाच्या मुलांच्या पायांना काही ना काही रोजच लागतं. तिची साखर वाढली होती कारण ती उंच होत होती आणि जुना डोस पुरत नव्हता. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं," आई म्हणाली. "पण तुमच्याकडून ऐकायचं होतं."

पेशीताईला वाटलं, आता काहीतरी म्हणावं. क्षमा मागावी. पण तिने ती त्या दिवशी मागितली नव्हती, आणि आज मागितली तर आईला उत्तर द्यावं लागेल. तिच्यावर आणखी एक काम कशाला टाकायचं. म्हणून ती नुसती उभी राहिली.

तेवढ्यात भिंगरी धावत आली. तिने आईला विचारलं की मी पुन्हा पेशीताईच्या अभ्यासात जाऊ का, मला बघायचंय माझ्या पेशी आता कशा आहेत. आईने पेशीताईकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"नाही," आई म्हणाली. "इथे यायचं, साखर दाखवायची, घरी जायचं."

भिंगरीने ओठ बाहेर काढला. पेशीताई म्हणाली, "आई म्हणते ते बरोबर आहे." हे तिने मनापासून म्हटलं.

आईने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी निघाल्या. दारापाशी आई क्षणभर थांबली, मागे वळून तिने ओळखीच्या माणसाला करावी तेवढीच, अगदी बेताची मान हलवली. मग ती गेली. तिला दुपारच्या फेरीची बस काढायची होती.

पेशीताई जिना चढून वर गेली. टेबलावर एका लहान मुलाच्या रक्ताची नळी आली होती, शेजारी त्याच्या साखरेचा आकडा लिहिलेला होता. तिने आधी तो आकडा वाचला, मग फोन उचलला.